सहीच्या आधी कागद वाचावा : हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांतील कलावंतांची स्वाक्षरीचित्रे कशी जमवावीत

या छंदाच्या पहिल्याच वर्षी मी गायिका-अभिनेत्री कार्मेन मिरांडा यांच्या सहीचे एक आठ बाय दहा इंची छायाचित्र विकत घेतले. डोक्यावर फळांचा मनोरा, चेहऱ्यावर ते प्रसिद्ध हसू आणि उजव्या कोपऱ्यात जाड काळ्या मार्करने केलेली झोकदार सही. पाकीट ठाण्याला पोहोचले ते ऐन जुलैत, कडा ओलसर झालेल्या अवस्थेत, आणि मी संध्याकाळभर ती सहीच न्याहाळत बसलो. फोटो उलटून पाहायचे सुचले ते चार दिवसांनी. मागची बाजू प्लास्टिकसारखी गुळगुळीत होती आणि तिच्यावर कागद बनवणाऱ्या कंपनीचे नाव तिरक्या ओळींत फिकट छापलेले होते. असा प्लास्टिकचा थर दिलेला फोटोकागद, ज्याला आर. सी. पेपर म्हणतात, वापरात आला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस. कार्मेन मिरांडा यांचे निधन झाले ते ५ ऑगस्ट १९५५ रोजी. विक्रेत्याने पुढे माझ्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही.

नवशिका माणूस सहीकडे पाहतो. मुरलेला संग्राहक आधी कागदाकडे, मग शाईकडे, मग तारखांकडे आणि सर्वांत शेवटी सहीकडे पाहतो. सहीचे वळण ओळखू येण्यासाठी काही वर्षे जावी लागतात, पण कागद, शाई आणि कलावंताच्या मृत्यूचे साल यांचा ताळा पहिल्या दिवसापासून जमवता येतो, आणि बाजारातला ढोबळ बनावट माल या ताळ्यातच गळून पडतो. अर्थात कागद खोटे पकडून देतो, खरे सिद्ध करीत नाही, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. १९४० च्या दशकातील सही नसलेली अस्सल छायाचित्रे आजही स्वस्तात मिळतात आणि त्यांच्यावर कालपरवा सही ठोकून देणारे हातही आहेत.

एका चित्रपटापासून सुरुवात करावी

संगीतपटांचे क्षेत्र अवाढव्य आहे. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या एकाच जोडीने १९३३ ते १९३९ या काळात नऊ आणि १९४९ मध्ये आणखी एक असे दहा चित्रपट केले. एमजीएम, फॉक्स, वॉर्नर या स्टुडिओंच्या पगारावर असलेल्या गायक-नर्तकांची यादी तर संपता संपत नाही. समोर येईल ते घेत सुटल्यास वर्षभरात पैसे संपतात आणि हाती उरतो तो खिचडीसारखा ऐवज. म्हणून माझी सूचना अशी, की एक चित्रपट निवडावा आणि त्यातील मुख्य पात्रयादी पुरी करण्याचे उद्दिष्ट ठेवावे.

उदाहरणासाठी 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) घेऊ. त्यात जीन केली, डोनाल्ड ओ'कॉनर, डेबी रेनॉल्ड्स, जीन हेगन, सिड चॅरिस आणि मिलार्ड मिचेल आहेत. एका लहान भूमिकेत रीटा मोरेनोही आहेत. आता या नावांपुढे मृत्यूची साले लिहून काढावीत. मिचेल १९५३, हेगन १९७७, केली १९९६, ओ'कॉनर २००३, चॅरिस २००८, रेनॉल्ड्स २०१६. १९३१ मध्ये जन्मलेल्या मोरेनो यांनी नव्वदी ओलांडली आहे. एवढ्या यादीवरून या छंदाचे निम्मे अर्थशास्त्र कळते. स्वाक्षरीचे मोल केवळ प्रसिद्धीवर ठरत नाही. तो कलावंत किती वर्षे, किती चाहत्यांना आणि किती खुशीने सह्या देत राहिला यावरही ठरते. एमजीएमने आपल्या जुन्या गाणी-नाचांचे संकलन १९७४ मध्ये 'दॅट्स एंटरटेनमेंट!' या नावाने पडद्यावर आणले आणि त्या काळाविषयीचे कुतूहल पुन्हा जागे झाले. त्यानंतर चार दशके रेनॉल्ड्स सह्या करीत राहिल्या. हेगन यांना तीनच वर्षे मिळाली. मिचेल तर चित्रपट आला त्याच्या पुढच्याच वर्षी गेले. त्यामुळे नायिकेची सही काही हजार रुपयांत मिळू शकते आणि स्टुडिओच्या मालकाचे काम करणाऱ्या चरित्र-अभिनेत्याच्या सहीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. (नागरीत दोघांचेही नाव 'जीन' असेच लिहावे लागत असले, तरी केली आणि हेगन यांच्या नावांचे रोमन स्पेलिंग वेगळे आहे, लिलावाच्या याद्यांत शोध घेताना हे विसरल्याने माझी एक संधी हुकली आहे.)

सुरुवात रेनॉल्ड्स किंवा ओ'कॉनर यांच्यापासून करावी, ज्युडी गार्लंड यांच्यापासून नव्हे. गार्लंड १९६९ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी गेल्या, मागणी प्रचंड आहे आणि जिथे मागणी तिथे बनावटगिरी हा नियम त्यांच्या बाबतीत फार कठोरपणे लागू पडतो.

फोटो उलटा करावा

स्टुडिओंच्या काळातील प्रसिद्धीचे छायाचित्र बहुधा आठ बाय दहा इंचांचे, चकचकीत पृष्ठभागाचे आणि चांदीच्या क्षारांवर आधारलेल्या जिलेटिन कागदावरचे असते. हा कागद हाताला खराखुरा कागद लागतो, किंचित वळलेला असतो आणि त्याची मागची बाजू पांढरी किंवा पिवळसर, शाई शोषून घेणारी असते. त्या मागच्या बाजूवरच बहुतेक इतिहास सापडतो : छायाचित्रकाराचा किंवा वृत्तसंस्थेचा रबरी शिक्का, टंकलिखित मजकुराची डकवलेली चिठ्ठी, आणि फोटो एखाद्या वृत्तपत्राच्या संग्रहातून आलेला असल्यास तारखेचा ठसा. जुन्या प्रतीच्या काळ्या भागांत, विशेषतः कडांना, तिरक्या उजेडात निळसर आरशासारखी झाक दिसते. ती चांदी पृष्ठभागावर आल्याची खूण आहे आणि वय सांगणाऱ्या खुणांपैकी तिची नक्कल करणे सर्वांत कठीण आहे.

दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो अतिनील दिवा इथे फार उपयोगी पडतो. १९५० च्या दशकापासून फोटोकागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने मिसळू लागली आणि ती अंधारात या दिव्याखाली निळसर उजळतात. १९३८ चा म्हणून विकला जाणारा फोटो असा झगझगला, तर तो १९३८ चा नाही, मग त्यावरची सही कितीही देखणी असो. उलट न उजळणारा कागद जुनाच असतो असे मात्र समजू नये, कारण ही रसायने पुढेही सर्वच कागदांत नव्हती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोटो नंतर छापलेला आहे म्हणून सही खोटी ठरत नाही. केली, रॉजर्स, चॅरिस यांनी १९७० ते १९९० च्या दशकांत चाहत्यांनी पुढे केलेल्या आर. सी. पेपरवरील असंख्य प्रतींवर सह्या केल्या आणि त्या पूर्णपणे अस्सल आहेत. खोटेपणा उघड होतो तो तारखांच्या विसंगतीतून. विचारायचा प्रश्न असा, की हा कागद, ही शाई आणि हा माणूस एकाच वेळी एका टेबलावर असणे शक्य होते का?

शाई आणि पेन

बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात धडाक्याने आले ते ऑक्टोबर १९४५ मध्ये. त्याआधीच्या सह्या टाक, फाउंटन पेन किंवा पेन्सिलने केलेल्या असतात, आणि गडद पार्श्वभूमीवर कधीकधी पांढऱ्या शाईने. वॉटरप्रूफ जाड मार्करचे आज सर्वांत परिचित असलेले नाव, शार्पी, बाजारात आले १९६४ मध्ये. ही दोन साले पाठ असली तरी पुष्कळ काम होते. १९४१ ची तारीख घातलेली बॉलपेनची सही किंवा मिलार्ड मिचेल यांची मार्करने केलेली सही पाहून पुढचा विचार करण्याची गरजच उरत नाही.

दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि फोटो खिडकीपाशी तिरका धरावा. फाउंटन पेनची शाई चकचकीत जिलेटिनवर नीट बसत नाही. ती कुठे आक्रसते, कुठे थेंबासारखी साठते, अक्षराच्या जोरकस वळणावर निबाची दोन टोके फाकल्याने मध्ये फिकट आणि कडांना गडद अशी दुहेरी रेघ दिसते. बॉलपेन पृष्ठभागावर बारीकशी खाच पाडते. मार्करची शाई जिथे स्वतःलाच ओलांडते तिथे गडद होते, आणि कोणती रेघ आधी ओढली तेही तेथे ओळखता येते. याउलट सही फोटोबरोबरच छापलेली असेल तर तिची चमक आणि आजूबाजूच्या पृष्ठभागाची चमक अगदी सारखी असते, बोटाला आणि नजरेला कुठेही उंचसखलपणा जाणवत नाही. घरगुती प्रिंटरवर काढलेली प्रत असेल तर भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची रांगोळीच दिसते.

सही नेमकी कोणाची

बनावट सही म्हणजे गुन्हेगाराने केलेली सही, एवढाच अर्थ नवख्यांच्या मनात असतो. या छंदात मात्र निष्पाप हेतूने झालेल्या खोट्या सह्यांचा भरणा मोठा आहे. स्टुडिओंकडे चाहत्यांची पोतीच्या पोती पत्रे येत आणि त्यांना उत्तर देण्यासाठी वेगळा विभाग असे. बहुतेकांना मिळे तो पाच बाय सात इंचांचा छापील सहीचा फोटो. काहींना रबरी शिक्क्याची सही. आणि बऱ्याच जणांना विभागातल्या लेखनिकेने, सेक्रेटरीने किंवा घरातल्याच कोणी केलेली हुबेहूब सही. अभिनेत्री जीन हार्लो यांच्या नावाच्या पुष्कळ सह्या त्यांच्या आईच्या हातच्या आहेत, हे या क्षेत्रात सर्वांना माहीत असलेले उदाहरण. अशा सहीचे कागद, शाई, साल सगळे बरोबर असते; फक्त हात दुसरा असतो. येथे कागदाचा ताळा थांबतो आणि अक्षराची तुलना सुरू होते.

मुंबईत धोबी तलावचे मेट्रो हे चित्रपटगृह एमजीएमने स्वतःच १९३८ मध्ये उभारले, त्यामुळे या कंपनीच्या संगीतपटांचे चाहते आपल्याकडेही कमी नव्हते, आणि त्यांतील काहींनी थेट कॅलिफोर्नियाला पत्रे धाडली. घरातल्या जुन्या ट्रंकेत असा एखादा फोटो निघाला तर तो बहुधा छापील किंवा लेखनिकेच्या सहीचा असेल, या तयारीनेच पाहावा. पण पाकीट फेकू नये. तिकिटावरचा टपालाचा शिक्का हा तारखेचा पुरावा आहे आणि पाकिटासह असलेला छापील फोटो हीसुद्धा जपण्याजोगी वस्तू आहे.

यंत्राने केलेली सही हा आणखी एक प्रकार. त्यात यंत्राच्या बाहूला पेन लावलेले असते, त्यामुळे शाई खरी असते, पण रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी राहते, आरंभी आणि शेवटी पेन टेकल्याचे टिंब उमटते आणि वळणांवर बारीक थरथर दिसते. संशय आल्यास त्याच कलावंताच्या दुसऱ्या सहीचे चित्र तेवढ्याच आकारात पारदर्शक कागदावर छापून वर ठेवून पाहावे. कोणताही माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करीत नाही. दोन सह्या एकमेकींवर चपखल बसल्या तर त्यांतली निदान एक हाताची नाही.

तुलनेसाठी नमुने स्वतः जमवावेत. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी इंटरनेटवर पाहता येतात. त्यांतून करारपत्रे, धनादेश आणि तारीख असलेली पत्रे यांवरच्या सह्या निवडाव्यात, कारण बँकेच्या धनादेशावर चाहत्यांच्या विभागातली लेखनिका सही करीत नाही. प्रत्येक कलावंताचे निदान दहा-बारा नमुने सालवार लावले म्हणजे अक्षर वयानुसार कसे बदलले ते दिसू लागते. केली यांना १९९४ पासून पक्षाघाताचे झटके आले होते. १९९५ ची म्हणून दाखवलेली त्यांची तरुणपणासारखी भरघोस, सफाईदार सही मी तरी घेणार नाही. खोट्या सहीची चाल मंद असते. ती काढलेली असते, केलेली नसते, आणि भिंगाखाली तिच्यात मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवल्याच्या जागा सापडतात.

अस्टेअर आणि रॉजर्स यांच्यासारख्या जोडीच्या दोन सह्या असलेल्या फोटोकडे तर दुप्पट संशयाने पाहावे. एक सही अस्सल असते, स्वस्तात मिळालेली असते, आणि शेजारी दुसरी नंतर भरलेली असते. पहिली खरी आहे याची खात्री पटली की दुसरीकडे आपण डोळेझाक करतो, आणि भामटा त्यावरच विसंबलेला असतो.

खरेदी

नवशिक्याने 'अमुक यांस सप्रेम' अशा धर्तीचा मजकूर असलेली प्रत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. परक्या माणसाचे नाव असल्यामुळे तिची किंमत कमी असते, आणि सहीबरोबर चार-पाच शब्द अधिक असल्याने अक्षर ताडून पाहायला जास्त ऐवज मिळतो. बनावट करणारे सहसा नुसती सही करून मोकळे होतात.

विक्रेत्याने दिलेले अस्सलपणाचे प्रमाणपत्र त्या विक्रेत्याइतकेच विश्वासार्ह असते. चकचकीत होलोग्राम कोणीही छापून घेऊ शकतो. पीएसए, जेएसए आणि बेकेट या अमेरिकेतील तपासणी-संस्थांचा क्रमांक असेल तर तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकून, तेथे दिसणारी नोंद आपल्यासमोरच्या वस्तूचीच आहे ना, हे पाहावे. त्यांचे मतही शेवटी मतच असते, पण पुढे विकायची वेळ आली तर बाजार ते मानतो. अमेरिकेच्या एफबीआयने १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' या नावाने बनावट सह्यांची मोठी टोळी उघडकीस आणली, तेव्हा खोट्या सह्यांबरोबर खोटी प्रमाणपत्रेही सापडली होती. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : वस्तू कोठून आली, मागच्या बाजूचे छायाचित्र मिळेल का, आणि खोटी ठरल्यास पैसे परत करण्याची मुदत किती. नामवंत व्यापारी या हमीला मुदत घालत नाहीत. मागची बाजू दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी सौदा करू नये.

हिशेब रुपयांत आणि शेवटपर्यंत करावा. लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर सुमारे २० ते २५ टक्के, कधी त्याहूनही अधिक, अशी लिलावगृहाची भर असते. त्यावर टपालखर्च, विमा, कार्डावरचे परकीय चलनाचे शुल्क आणि येथे आल्यावर सीमाशुल्क. किंमत कमी दाखवून पाठवा, असे विक्रेत्याला कधीही सांगू नये. ते बेकायदा आहे आणि पाकीट गहाळ झाल्यास भरपाईही तेवढ्याच किमतीची मिळते. फोटो दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत पाठवण्यास सांगावे, आणि जमल्यास जून ते सप्टेंबर हा काळ टाळावा.

पत्र लिहून सही मागणे

ही वाट आता अरुंद होत चालली आहे. रीटा मोरेनो, ज्युली अँड्र्यूज (जन्म १९३५) अशी मोजकीच मंडळी राहिली आहेत आणि त्यांचे वय पाहता नकार किंवा मौन हेच अपेक्षित धरावे. पत्र लिहायचेच असेल तर हाताने, एका पानात, इंग्रजीत लिहावे; कोणत्या दृश्याने आपल्याला धरून ठेवले ते दोन वाक्यांत सांगावे आणि एकाच फोटोवर सही मागावी. पत्ता प्रतिनिधीचा किंवा अधिकृत संकेतस्थळावर चाहत्यांसाठी दिलेला असावा. घरचा पत्ता मिळाला तरी तेथे पत्र पाठवू नये. सोबत आपला पत्ता लिहिलेले परतीचे पाकीट आणि त्यावर अमेरिकेची तिकिटे हवीत, कारण भारतीय तिकिटे तेथून टपालात टाकण्यासाठी चालत नाहीत. अमेरिकेच्या टपाल खात्याचे 'ग्लोबल फॉरेव्हर' तिकीट २०१३ पासून मिळते आणि एक औंसापर्यंतच्या साध्या पत्राला जगात कोठेही पुरते; आठ बाय दहाचा फोटो पुठ्ठ्यासह गेला की त्याला जास्त तिकिटे लागतात. म्हणून मी चार बाय सहाचा फोटो पाठवतो. उत्तर यायला कधी दोन महिने, कधी वर्ष लागते, आणि आलेली सही छापील आहे का हे भिंगाखाली पाहणे तेव्हाही चुकत नाही.

घरी आल्यावर

कोकणपट्टीच्या हवेत या फोटोंचा खरा शत्रू चोर नाही, दमट हवा आहे. जिलेटिन पाणी शोषून फुगते आणि ज्या पृष्ठभागाला टेकलेले असेल त्याला चिकटते. म्हणून काचेला थेट लावून केलेली फ्रेम म्हणजे दोन पावसाळ्यांत फोटो गमावण्याची हमी. सोलून काढताना सहीच काचेवर राहते. फोटो आणि काच यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा माऊंट हवाच. त्याहून चांगले म्हणजे चांगली रंगीत प्रत काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ फोटो पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, अंधारात ठेवावा. फाउंटन पेनची शाई आणि मार्कर दोन्ही उन्हाने उडतात. स्टेशनरीच्या दुकानातले वास येणारे मऊ प्लास्टिकचे फोल्डर पीव्हीसीचे असतात. ते वापरू नयेत. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी, आणि त्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी मिळणारे विजेवरचे कोरडे कपाट मला आजवर सर्वांत सोयीचे वाटले आहे. सिलिका जेलच्या पुड्या वापरायच्या तर पावसाळ्यात त्या वारंवार तापवून कोरड्या कराव्या लागतात, आणि हे आपण विसरतोच. फोटोवर सेलोटेप, स्टेपलर, लॅमिनेशन यांचा स्पर्श होऊ देऊ नये. मागे काही लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलने, कोपऱ्यात, हलक्या हाताने.

नोंदी एका जाड वहीत ठेवाव्यात : कलावंताचे नाव, कागदाचा प्रकार, अतिनील दिव्याखाली काय दिसले, पेन कोणते, कोणाकडून व केव्हा घेतला, एकूण खर्च, आणि शेवटी आपले मत. बिल, पाकीट आणि विक्रेत्याचा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाच्या लिफाफ्यात ठेवावा. माझ्या वहीतली पहिली नोंद कार्मेन मिरांडा यांचीच आहे. पेनाच्या रकान्यात 'मार्कर', कागदाच्या रकान्यात 'आर. सी.' आणि मताच्या रकान्यात '१९५५' एवढेच लिहिले आहे. फोटो विकलेला नाही, कारण तो पुन्हा कोणाच्या तरी गळ्यात पडला असता. नव्या मंडळींच्या हाती भिंग दिले की मी आधी तोच पुढे करतो आणि उलटून पाहायला त्यांना किती वेळ लागतो ते पाहतो.